वैनगंगेच्या काठी, थंडीतल्या पक्ष्यांसाठी

नागपूर-गोंदियाकडून कान्हाच्या मुक्की दरवाजाकडे निघालेल्या गाड्या बालाघाट शहरात चहापुरत्या थांबतात आणि पुढे जातात. वाघाची सफारी ठरलेली असते, वेळ मोजका असतो, ते समजू शकतं. पण डिसेंबर-जानेवारीत निघाला असाल तर माझं सांगणं आहे की या प्रवासातले दोन दिवस बालाघाटला द्या. वैनगंगा इथे शहराला लागून वाहते, जिल्ह्यात गावोगावी तलाव आहेत, आणि दक्षिणेला बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर धानाची शेती आहे. वाहतं पाणी, साठलेलं पाणी आणि ओलसर शेत हे तिन्ही तासाभराच्या अंतरात मिळतं. पाणपक्ष्यांना याहून जास्त काही लागत नाही.

गोंदियाहून बालाघाट चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रेल्वे आहे, रस्ताही आहे. रस्त्याने गेलात तर रजेगावजवळ बाघ नदीचा पूल ओलांडला की राज्य बदलतं. शेतं, तलाव, माणसांच्या बोलण्यातली पोवारी आणि मराठी मात्र तशीच पुढे चालू राहते. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून तयार झाला, त्यामुळे इथल्या पाण्याचा आणि भंडारा-गोंदियाच्या पाण्याचा स्वभाव एकच आहे. पक्ष्यांना तर ही सीमा ठाऊकच नाही. सकाळी बालाघाटच्या बांधीत चरणारी सारस जोडी संध्याकाळी गोंदियाच्या तीरावर उतरू शकते.

कधी जायचं हे आधी नीट ठरवा, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. नोव्हेंबर लागला की घाई सुटते. पण तेव्हा धानाची कापणी चालू असते, तलाव काठोकाठ भरलेले असतात, आणि पाणी जिकडेतिकडे असल्यामुळे बदकं पांगलेली असतात. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी उतरू लागतं. काठाला चिखलाची एक पट्टी उघडी पडते आणि तुतवार, शेकाट्या, पाणलावे अशा चिखलात चोच खुपसून खाणाऱ्यांचं ताट मांडलं जातं. बदकंही उरलेल्या पाण्यावर गोळा होतात. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि सगळा जानेवारी हा उत्तम काळ. फेब्रुवारीतही पक्षी असतात, पण उन्हं लवकर तापतात आणि मार्च उजाडेपर्यंत पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात.

नोव्हेंबरची हौस घराजवळ भागवा. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची आणि १२ तारीख सालिम अलींच्या. त्या आठवड्यात आपल्या गावचा तलाव, नाला, कालवा रोज अर्धा तास पाहा. टिटवी, वंचक, पाणकावळा, खंड्या, टिबुकली, वारकरी ही नेहमीची मंडळी डोळ्यांत बसली, की थंडीत आलेला वेगळा पक्षी आपोआप नजरेत भरतो. नेहमीचे पक्षी ओळखू येत नसताना दूरदेशीच्या पाहुण्यांच्या मागे लागणाऱ्यांचा दिवस पुस्तकाची पानं उलटण्यात जातो.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. जागा कमी घ्या, वेळ जास्त द्या. एका सकाळी एक ठिकाण, एका संध्याकाळी दुसरं, बस. गाडीतून सहा तलाव 'करणारे' लोक सहाही ठिकाणी पक्ष्यांची पाठ पाहतात, कारण गाडी थांबली, दारं आपटली, चार माणसं काठावर आली की काठाजवळचं सगळं उडतं किंवा आत सरकतं. ते परत यायला अर्धा तास तरी लागतो. हा अर्धा तास ज्याच्याकडे आहे त्यालाच पक्षी दिसतात.

सकाळ नदीसाठी ठेवा. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याआधी वीस मिनिटं काठावर पोचा. बालाघाट शहर वैनगंगेच्या पूर्व तीरावर आहे. म्हणजे सकाळी शहराच्या बाजूच्या घाटावरून नदीकडे पाहाल तर ऊन तुमच्या पाठीकडून समोरच्या वाळूवर पडतं आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. त्याच जागी संध्याकाळी उभे राहिलात तर समोर नुसत्या काळ्या आकृत्या. संध्याकाळी पूल ओलांडून गर्रा गावाच्या बाजूला जा आणि तिकडून पूर्वेकडे पाहा. ऊन पाठीशी ठेवण्याचा हा नियम साधा आहे, पण दुर्बिणीवर जास्तीचे दहा हजार खर्च करण्यापेक्षा त्याने अधिक दिसतं.

पहाटे नदीवर धुकं असतं. ते पाहून खट्टू होऊ नका, कान उघडे ठेवा. टिटव्यांची बोलाचाली, धोब्याची उडता उडता येणारी बारीक 'चिझिक्', खंड्याची खणखणीत हाक, अडईंची शीळ हे सगळं दिसण्याआधी ऐकू येतं, आणि धुकं विरेपर्यंत कुठे पाहायचं ते ठरलेलं असतं.

धुकं सरल्यावर आधी वाळू बघा, पाणी नंतर. वैनगंगेचं पात्र थंडीत आक्रसलेलं असतं आणि मध्ये वाळूचे, खडकांचे उंचवटे उघडे पडतात. तिथे नदी टिटवी शोधा. आपली नेहमीची टिटवी डोळ्यापुढच्या लाल मांसल पाळीने आणि पिवळ्या पायांनी ओळखू येते. नदी टिटवीला लाल काही नाही: काळी टोपी, काळा चेहरा, काळी चोच, काळे पाय, बाकी अंग राखी-पांढरं. ती खांदे वर काढून थंडीने आखडल्यासारखी उभी असते. उडाली तरच पोटावरचा काळा डाग दिसतो. जगभर हिची आणि नदी सुरयाची संख्या उतरतीला लागली आहे, आणि त्याचं कारण तुमच्या पायाखालीच आहे. दोघंही उन्हाळ्यात, नदीचं पात्र उघडं पडल्यावर, नुसत्या वाळूत खळगा करून अंडी घालतात. वाळूचा उपसा, ट्रॅक्टरची चाकं, मोकाट कुत्री, वरून अवेळी सोडलेलं पाणी, यातलं काहीही एक आलं की त्या वर्षाची वीण संपली. म्हणून थंडीत नदी टिटवी कुठे आणि किती दिसली याची नोंद महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात घरटी कुठे असतील याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

खडकांवर धोबी असतील. मोठा, काळ्या पाठीचा आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला धोबी इथलाच, बारमाही. राखी पाठीचा आणि पांढऱ्या चेहऱ्याचा धोबी उत्तरेकडून आलेला पाहुणा. पिवळं पोट दिसलं तर घाईने नाव लिहू नका, कारण थंडीत पिवळ्या पोटाचे धोबी एकाहून अधिक जातींचे असतात. पाठीचा रंग आणि डोक्याची ठेवण पाहा, नाहीच कळलं तर 'पिवळ्या पोटाचा धोबी' एवढंच लिहा. अपुरी नोंद चालते. चुकीची नोंद पुढच्यालाही चुकवते.

पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला काळा-पांढरा पक्षी दिसला तर दुर्बीण तिथेच धरा. हा कवड्या खंड्या. निळा खंड्या फांदीवर बसून सूर मारतो. याला फांदी लागत नाही. तो हवेत तरंगतो, चोच सरळ खाली, डोकं इतकं स्थिर की वारा असला तरी हलत नाही, आणि मग दगडासारखा पाण्यात पडतो. बऱ्याचदा रिकाम्या चोचीने वर येतो, पाच-दहा हात पुढे जाऊन पुन्हा तरंगू लागतो. सोबत मुलं असतील तर त्यांना पहिला पक्षी हाच दाखवा. दुर्बिणीशिवायही दिसतो आणि मुलं अर्धा तास हलत नाहीत.

दुसरी सकाळ तलावाला द्या. शहरातला मोती तलाव चालता चालता पाहून होतो. बैहर रस्त्याने पंधराएक किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत गांगुलपाऱ्याचा तलाव आहे. तिथे पाणपक्ष्यांबरोबर काठच्या झाडीतले पक्षीही मिळतात. वैनगंगेवरच इंग्रजांच्या काळात बांधलेला ढुटीचा बंधारा आहे. गाडी असेल तर तोही एका अर्ध्या दिवसाचा विषय. पण मला विचाराल तर नावाजलेल्या तलावापेक्षा एखाद्या गावचा मध्यम आकाराचा, कडेला गवत आणि कमळाची पानं असलेला तलाव निवडा. या भागात मालगुजारीच्या काळापासून असे तलाव आहेत. त्यांची रचना पाहा: एका बाजूला मातीची उंच पाळ, समोर उथळ होत गेलेला काठ. पाळीकडे पाणी खोल असतं, तिथे बुडी मारणारी बदकं मिळतील. समोरच्या उथळात शेपटी वर करून, डोकं पाण्यात घालून खाणारी. पाळीवर उभे राहू नका, आभाळाच्या पार्श्वभूमीवर माणूस लांबूनही दिसतो. पाळीच्या उतारावर, झुडपाच्या आडोशाला बसा.

बदकं ओळखताना रंगाआधी वागणं पाहा. लालसरी सबंध पाण्याखाली जाते आणि उडताना पाण्यावरून धावत सुटते. तलवार बदक, थापट्या, चक्रांग ही मंडळी पूर्ण बुडत नाहीत आणि दचकली तर जागेवरून सरळ वर उठतात. एवढं कळलं की निम्मं काम झालं. मग नर शोधा. तलवार बदकाच्या नराची मान लांब पांढरी, डोकं चॉकलेटी, शेपूट टोकदार. थापट्याची चोच पुढे पसरट. मोठ्या लालसरीच्या नराचं डोकं नारिंगी-तांबूस आणि चोच लालभडक. माद्या जवळपास सगळ्याच मातकट ठिपकेदार. नवख्याने मादीवर डोकं शिणवू नये. तिच्या शेजारी कोण पोहतोय ते पाहावं.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस, म्हणजे पट्टकदंब, दिसले तर तो दिवस तुमचा. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडताना नोंदले गेले आहेत. ते पाण्यापेक्षा काठच्या गवतात आणि कापलेल्या शेतात चरताना जास्त सापडतात, आणि फार सावध असतात. कळपातला एखादा तरी मान वर करून उभा असतोच. त्याने मान वर केली की तुम्ही थांबा. त्याने पुन्हा खाली घातल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नका.

कमळाच्या पानांवर चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, इवलीशी काणूक बदकं आणि चिखलात गोगलगायी शोधणारे मुग्धबलाक बारमाही असले तरी त्यांना वेळ द्या. मुग्धबलाकाच्या चोचीच्या दोन पात्यांत मध्ये फट असते, पण ती वयात आलेल्यांतच. पिल्लांची चोच मिटलेली असते. त्यामुळे थव्यात यंदाची पिल्लं कोणती ते दुर्बिणीतून वेगळं काढता येतं. नुसतं नाव टिपून पुढे जाणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

सारसासाठी मात्र वेगळी तयारी लागते. माणसाएवढा, सहा फुटांपर्यंत उंच, राखी अंगाचा, मान आणि डोकं लाल असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आज गोंदिया-भंडारा पट्ट्यात कसाबसा टिकून आहे आणि त्याची शेजारची आबादी बालाघाटात आहे. गोंदियाची सेवा संस्था, वनविभाग आणि दोन्ही तीरांवरचे शेतकरी मिळून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, पाणी सगळ्यात कमी असताना, सारस मोजतात. अलीकडच्या गणनांत बालाघाटचे सारस चाळीस-पन्नासच्या घरात, गोंदियाचे तीस-चाळीसच्या, आणि भंडाऱ्यातले एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके भरले आहेत. तिन्ही जिल्हे मिळून शंभरही नाहीत. ही संख्या डोक्यात ठेवूनच त्यांच्या शेतात पाऊल टाकायचं.

पावसाळ्यात सारस धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळात गवताचा ढीग रचून घरटं करतात, अंडी बहुधा दोन. म्हणजे तुम्ही जानेवारीत जाल तेव्हा यंदाचं पिल्लू चार-पाच महिन्यांचं असतं, उंचीने आईबापांच्या जवळपास, पण डोकं लाल नसून तांबूस-मातकट पिसांनी झाकलेलं. जोडीमागे असा एक तपकिरी डोक्याचा सारस चालताना दिसला तर यंदा घरटं यशस्वी झालं. नोंदवहीत सगळ्यात वर लिहावी अशी ही गोष्ट आहे.

जोडी एकत्र ओरडते ते ऐकायला मिळालं तर दोघांकडे आळीपाळीने पाहा. दोघंही माना ताठ करून चोची आभाळाकडे नेतात. नर पंख पाठीवर उचलतो आणि त्याच्या एका हाकेला मादी दोन छोट्या हाका जोडते. एरवी नर-मादी सारखेच दिसतात, फरक कळण्याची संधी हीच. पण हा आवाज काढावा म्हणून जवळ जाणं, टाळ्या वाजवणं, मोबाइलवर सारसाचं ओरडणं लावणं अजिबात करू नका. जोडी आपला टापू राखण्यासाठी ओरडते. खोटा आवाज ऐकून ती खाणं सोडून तासभर अस्वस्थ राहते. निदान दोनशे पावलं दूर राहा. चरता चरता दोघं थांबले, माना उभ्या केल्या आणि तुमच्या विरुद्ध दिशेला सावकाश चालू लागले, तर तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. तसंच मागे फिरा, उभं राहून फोटो काढत बसू नका.

सारस कुठे आहेत हे कुणाला विचारायचं? इंटरनेटवर शोधू नका आणि सापडलेली नेमकी जागा तिथे टाकूही नका. शेतकऱ्याला विचारा. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा, पायी जा, 'राम राम काकाजी' म्हणा, धुऱ्यावरून जाऊ का ते विचारा. धान निघाल्यावर बांध्या रिकाम्या दिसतात, पण बहुतेकांत लाखोळी, हरभरा किंवा जवस उगवलेला असतो, तेव्हा पाय धुऱ्यावरच. चार शब्द बोललात की माणसं स्वतःहून सांगतात: जोडी सकाळी इकडे असते, दुपारी बोडीवर जाते, पिल्लू एकच वाचलं. ज्यांच्या शेतात सारस घरटं करतो त्यांचं थोडं धान तुडवलं जातं, अंडी असेपर्यंत तेवढ्या भागात निंदणी थांबवावी लागते. सारस टिकला आहे तो हे सोसणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. त्यांच्याशी नीट बोलणं, फोटो काढलाच तर त्यांना पाठवणं, मुलांना दुर्बिणीतून सारस दाखवणं, एवढं तरी आपल्या हातात आहे. ज्यांच्या शेतात पिल्लू वाढलं त्या काकूंना ते दुर्बिणीतून जवळून दिसतं तेव्हा पुढच्या वर्षीच्या घरट्याची राखण अर्धी झालेली असते.

तलावावर तीच गोष्ट ढिवरांची. पहाटे जाळी काढायला डोंगे निघतात तेव्हा बदकं बाजूला सरकतात, पण रोजच्या ओळखीमुळे उडून जात नाहीत. डोंगा एका काठाने चालला असेल तर समोरच्या काठाला आडोसा धरून बसा. पक्षी हळूहळू तुमच्याकडे येतात. डोंग्यात बसवून पक्ष्यांच्या जवळ न्या, असा आग्रह कुणाला करू नका. शिंगाडा लावलेल्या पाण्यात तर उतरूच नका.

सामानाचं थोडक्यात. दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. १० किंवा १२ पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि कमी उजेडात चित्र मंदावते. पहाटेच्या कामाला ८ पटच बरी. कपडे मातकट, हिरवट. पांढरा आणि भडक लाल नको. पहाटे कानटोपी आणि जाकीट लागतं, दहानंतर तेच ओझं होतं, म्हणून थरावर थर घाला. रबरी तळव्याचे, ओले झाले तरी चालतील असे बूट. नदीच्या ओल्या वाळूत आणि शेवाळलेल्या खडकांवर मुलांचा हात सोडू नका. वैनगंगा थंडीत शांत दिसली तरी डोह खोल आहेत. जंगलातल्या पाण्यावर जायचं असेल तर आधी वनविभागाच्या नाक्यावर विचारा आणि अंधाराआधी बाहेर या. ड्रोन घरी ठेवा.

नोंद जागेवरच करा, लॉजवर परतून आठवणीतून नाही. तारीख, वेळ, गाव, पाण्याची स्थिती, पक्षी, संख्या, आणि काय करत होते. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत धरा आणि तसे किती तुकडे बसतात ते पाहा. मोठ्या थव्याचा अंदाज 'खूप' असा लिहिला तर त्याचा कुणाला उपयोग नाही. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, भारतातही होते. तुमची सहल त्याच महिन्यात असेल तर स्थानिक पक्षिमित्रांमार्फत तुमचे आकडे तिथे द्या. पुढल्या वर्षी त्याच तलावावर, त्याच आठवड्यात पुन्हा गेलात तर त्या आकड्यांची किंमत दुप्पट होते. दरवर्षी नवी जागा शोधण्यापेक्षा एकच तलाव पाच हिवाळे पाहिलेला माणूस मला जास्त जाणता वाटतो.

आणखी एक काम आहे, ते पक्षी पाहणाऱ्यांनीच करायचं आहे. या पट्ट्यात शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकून किंवा धक्का बसून सारस मेले आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, जिल्हा पातळीवर समित्या नेमायला लावल्या, तेव्हा तारांचा प्रश्नही पुढे आला. सारस जिथे चरतात तिथून तारा जात असतील तर त्या किती खाली लोंबल्या आहेत ते पाहा आणि जवळच्या खांबांवर क्रमांक रंगवलेले असतील तर ते वहीत उतरवून घ्या. मेलेला किंवा जखमी पक्षी दिसला तर हात लावू नका, लांबून फोटो घ्या आणि लगेच वनविभागाला कळवा. विजेच्या कार्यालयाला लेखी अर्ज द्या, त्यात गाव, शेताची खूण आणि खांबांचे क्रमांक मिळाले असतील तर तेही घाला, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. क्रमांक असला की तक्रार नेमक्या खांबापाशी पोचते, लाइनमनला जागा शोधत फिरावं लागत नाही. अर्जाची एक प्रत त्या शेतकऱ्याकडे ठेवा. तुम्ही गेल्यावर पाठपुरावा तोच करू शकतो.